बॅटरी बदलण्याआधी: वस्तीवरच्या सोलरमधला बिघाड शोधायचा कसा

सोलापूर जिल्ह्यात मोहोळ, मंगळवेढा, सांगोला, करमाळा, कुठंही जा. रानातल्या वस्तीवर राहणाऱ्या पुष्कळ घरांत आता माळवदावर नाहीतर पत्र्यावर दोन-चार पॅनल, खाली एक-दोन बॅटऱ्या आणि भिंतीवर इन्व्हर्टर असतो. बसवणारा येतो, दिवसभरात जोडून जातो. वर्ष-दोन वर्षांनी रात्री नऊ-दहालाच पंखा मंदावायला लागतो आणि घरात सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य येतं, "बॅटरी गेली." दीडशे एएचच्या (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीत वीज किती मावते त्याचं माप) नव्या ट्यूब्युलर बॅटरीला (पाणी घालावं लागणारी लेड-ॲसिड, म्हणजे शिसं आणि ॲसिडची बॅटरी) पंधरा हजारांच्या आसपास पैसे जातात. ते घातल्यावर चार-सहा महिने बरे निघतात आणि पुन्हा तेच सुरू होतं. वायर तीच, जोड तेच, लोड (चालणारे पंखे-दिवे) तोच, मग नवी बॅटरी तरी वेगळं काय करणार?

माझ्या घरच्या आणि आसपासच्या वस्त्यांवरच्या अनुभवातून मला एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे. बिघाड दिसतो बॅटरीत, पण बहुतेक वेळा सुरू होतो जोडात, वायरीत नाहीतर लोडच्या हिशेबात. म्हणून मोजायचं सगळ्यात आधी आणि बदलायचं सगळ्यात शेवटी. खालचे टप्पे त्याच क्रमाने लावले आहेत. एखादा टप्पा सोडून पुढं जाऊ नका.

हा लेख बॅटरीवर चालणाऱ्या सोलरबद्दल आहे. छतावर पॅनल आहेत, नेट मीटर (लाईनशी होणारी विजेची देवघेव मोजणारा) आहे, पण बॅटरी नाही, अशी तुमची जोडणी असेल तर ती वेगळी आहे. लाईनची वीज गेली की तीही बंद पडते आणि तो तिचा बिघाड नसतो.

लागणारं सामान आणि कागद

डिजिटल मल्टीमीटर हवाच. साधा चार-पाचशे रुपयांचाही चालेल. त्यासोबत डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर (वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजणारा) मिळाला तर अर्धं काम सोपं होतं. घेताना तो डीसी अँपिअर मोजतो ना, हे दुकानातच विचारा, कारण स्वस्त क्लॅम्प मीटर फक्त एसी मोजतात. पाण्याच्या बॅटरीसाठी हायड्रोमीटर (ॲसिडची घनता मोजणारी नळी), डिस्टिल वॉटर, खायचा सोडा, जुना टूथब्रश, पॉलिश पेपर, पेट्रोलियम जेली, दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळलेले पाने, रबरी हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा, एवढं जमवा.

कागदांपैकी बॅटरीचं वॉरंटी कार्ड आणि बिल, इन्व्हर्टर किंवा चार्ज कंट्रोलरचं (पॅनलकडून बॅटरीत जाणारी वीज आवरणाऱ्या डब्याचं) माहितीपुस्तक आणि पॅनलच्या मागच्या स्टिकरचा फोटो जवळ ठेवा. हा फोटो फार उपयोगी पडतो. त्यावर पॅनलचे व्होल्ट आणि अँपिअर छापलेले असतात, आणि उन्हाने चार-पाच वर्षांत ते स्टिकर वाचता येईनासं होतं.

एक वही करा. तारीख, वेळ, ऊन होतं की ढग, काय चालू होतं आणि किती व्होल्ट आले, एवढंच लिहायचं. वही नसेल तर चार दिवसांनी कोणता आकडा कधीचा ते आठवत नाही आणि सगळं परत मोजावं लागतं.

१. हात लावण्याआधी बंद करा, आणि क्रमानेच बंद करा

आधी घरातला लोड बंद, मग इन्व्हर्टर बंद, मग पॅनलकडून येणारी लाईन तोडायची आणि सगळ्यात शेवटी बॅटरी सोडायची. जोडताना उलटं: आधी बॅटरी, मग पॅनल. पॅनल जोडलेलं असताना बॅटरी काढली तर पॅनलचा पूर्ण व्होल्टेज कंट्रोलरवर येतो आणि कित्येक कंट्रोलर त्यानेच जळतात.

बॅटरी सोडताना आधी निगेटिव्ह काढा. हातातलं कडं, अंगठी, बांगड्या, गळ्यातली साखळी उतरवून ठेवा. बारा व्होल्टचा शॉक लागत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात. पण दोन टर्मिनलमध्ये धातू अडकला तर शेकडो अँपिअर वाहतात, अंगठी क्षणात लाल होते आणि बोट जातं.

पॅनल बंद करता येत नाही, हेही ध्यानात असू द्या. ऊन आहे तोवर त्याच्या वायरीत वीज आहे. पॅनलच्या बाजूचे जोड सोडायचे असतील तर दिवस मावळल्यावर काम करा किंवा पॅनलवर जाड घोंगडं टाका. करंट वाहत असताना कनेक्टर ओढून काढू नका. डीसीची ठिणगी एसीसारखी आपोआप विझत नाही, ती लांबत जाते. आणि वस्तीवर शेजारीच कडब्याची गंजी असते.

२. आधी लोडचा हिशेब

हा टप्पा सगळे टाळतात आणि निम्मी उत्तरं इथंच असतात.

बारा व्होल्टची १५० एएच बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॉट-तास. लेड-ॲसिड बॅटरी रोज निम्म्याहून जास्त उपसली तर तिचं आयुष्य झपाट्याने घटतं, म्हणून वापरायला मिळतात ९००. त्यातले दहा-पंधरा टक्के इन्व्हर्टर खातो. हातात उरतात पावणेआठशेच्या आसपास.

आता खर्च बघा. जुना साधा छताचा पंखा ७५ वॉट घेतो. असे दोन पंखे रात्री आठ तास चालले की १२०० वॉट-तास झाले. दिवे, टीव्ही, मोबाईल अजून धरलेच नाहीत. या घरात काहीही बिघडलेलं नाही. मागणीच जास्त आहे. तिथं नवी बॅटरी आणण्यापेक्षा तीस-पस्तीस वॉटचे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे लावलेले बरे, त्यात पैसेही कमी जातात.

मिळकतही मोजा. आपल्याकडं वर्षाच्या सरासरीने दिवसाला पाच तासांच्या आसपास पूर्ण उन्हाएवढी वीज मिळते. २०० वॉटच्या पॅनलमधून सगळे तोटे वजा जाता दिवसाला सातशे वॉट-तास हाती आले तरी पुष्कळ. पावसाळ्यात, विशेषतः ढगाळ आठवड्यात, हा आकडा निम्म्यावर येतो. खर्च मिळकतीपेक्षा रोज थोडासा जरी जास्त असला, तरी बॅटरी रोज थोडी उपाशी राहते. अर्धपोटी ठेवलेल्या बैलासारखी ती काही महिन्यांत खंगते. प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि मग पूर्ण चार्ज केली तरी ती भरत नाही.

आणखी एक छुपा खर्च असतो. इन्व्हर्टर नुसता चालू असला, काहीही लावलेलं नसलं, तरी पंधरा-वीस वॉट घेतो. चोवीस तासांचे तेच साडेतीनशे ते पावणेपाचशे वॉट-तास होतात. दिवसा सगळे रानात असताना त्याचा आउटपुट बंद ठेवता येतो का, आणि तेव्हा चार्जिंग चालू राहतं का, हे माहितीपुस्तकात बघून घ्या.

३. पहाटे बॅटरीचे व्होल्ट घ्या

उजाडण्याआधी, पॅनलला ऊन लागण्याआधी, सगळा लोड बंद करून अर्धा-एक तास थांबा आणि मगच मोजा. चार्जिंग चालू असताना किंवा नुकतंच थांबल्यावर घेतलेला आकडा फुगलेला असतो. दुपारी १३.८ दिसले म्हणजे बॅटरी भरली असं नाही.

शांत असलेल्या बारा व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीत १२.५ ते १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ च्या आसपास निम्मी, ११.९ च्या खाली रिकामी. साडेदहाच्या जवळपास अडकून बसली असेल आणि चार्ज करूनही तिथंच येत असेल, तर सहातला एक सेल मेला आहे. एका सेलचे दोन व्होल्ट, ते गेले.

दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडून चोवीस व्होल्ट केले असतील तर एकत्र मोजून भागत नाही. प्रत्येक वेगळी मोजा. बेरीज २४.६ दिसते आणि समाधान होतं, पण एक १२.७ आणि दुसरी ११.९ असू शकते. अशा जोडीत चांगली बॅटरी रोज जास्त चार्ज होते, दुबळी रोज कमी, आणि सहा महिन्यांत दोन्ही जातात. चार्जिंगच्या वेळी दोघींत ०.३ व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर दुर्लक्ष करू नका.

४. लोड लावून मोजा, एकेक जोड तपासा

खरा बिघाड इथं सापडतो. मल्टीमीटर हातात आल्यावर माणूस नुसते व्होल्ट बघतो, पण जोडातला दोष करंट वाहिल्याशिवाय दिसतच नाही.

पंखे, दिवे, टीव्ही असा नेहमीचा लोड चालू करा. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. आता बॅटरीच्या दोन टर्मिनलवर मोजा आणि लगेच इन्व्हर्टरच्या आत जिथं त्या वायरी शिरतात तिथं मोजा. बॅटरीवर १२.३ आणि इन्व्हर्टरवर ११.५ आले तर मधल्या दीड-दोन मीटर वायरीत ०.८ व्होल्ट गायब झाले. इन्व्हर्टर १०.५ ते १०.८ च्या आसपास बॅटरी संपल्याचं समजून बंद पडतो. त्याला दिसतात ते त्याच्या दारातले व्होल्ट. बॅटरीत निम्मी वीज शिल्लक असतानाच तो "बॅटरी लो" म्हणून शिट्टी मारतो. त्यानंतर लोड सुटतो, व्होल्ट परत वर येतात, आणि बघणाऱ्याला वाटतं बॅटरी लबाडी करतेय.

नेमका जोड असा शोधायचा: मीटरची एक सुई बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर, दुसरी त्याच खुंटीवर बसवलेल्या थिंबलवर (वायरीच्या टोकाचं धातूचं कडं). दोन्ही एकमेकांना चिकटलेले आहेत, त्यामुळं शून्य दिसायला हवं. ०.०५ दिसलं तर साफ करा, ०.१ च्या पुढं दिसलं तर दोषी सापडला. मग थिंबल आणि वायर यांच्यामध्ये, मग फ्यूजच्या दोन टोकांमध्ये, मग एमसीबीच्या (करंट जास्त झाला की आपोआप पडणाऱ्या स्विचच्या) दोन टोकांमध्ये, असं करत इन्व्हर्टरपर्यंत जा. पॉझिटिव्हची बाजू झाली की निगेटिव्हची. निगेटिव्ह बाजू तपासायची राहूनच जाते.

हे एवढं महत्त्वाचं का, तेही आकड्यांत बघा. चारशे वॉटचा लोड बारा व्होल्टवर चालवायला बॅटरीतून सुमारे ४० अँपिअर निघतात. जोडात फक्त ०.०१ ओहम अडथळा असला तरी तिथं ०.४ व्होल्ट पडतात आणि १६ वॉट उष्णता त्या एका नटाखाली तयार होते. तो नट तापतो, ढिला होतो, अडथळा वाढतो, आणखी तापतो. थिंबलजवळ इन्सुलेशन काळं किंवा मऊ झालेलं दिसलं तर काय चाललंय ते ओळखा.

साफसफाई अशी करायची. सगळं क्रमाने बंद करा. टर्मिनलवर पांढरा किंवा निळसर-हिरवा थर असतो. पाण्यात खायचा सोडा कालवून ब्रशने घासा, पण बॅटरीची झाकणं घट्ट लावलेली असू द्या. सोड्याचा थेंब आत गेला तर ॲसिड मरतं. पुसून कोरडं करा, खुंटी आणि थिंबल पॉलिश पेपरने चकचकीत करा, घट्ट बसवा आणि मग वरून पेट्रोलियम जेली लावा. जेली आधी लावून त्यावर थिंबल बसवणं चूक आहे, धातूला धातू लागला पाहिजे. वायर पिळून नटाखाली दाबली असेल तर तिला योग्य मापाचं थिंबल लावून दाबयंत्राने क्रिम्प करून घ्या. पक्कडीने चेपलेलं थिंबल वरून नीट दिसतं आणि आतून पोकळ असतं.

एक धोका आवर्जून सांगतो. मल्टीमीटरची लाल सुई अँपिअरच्या भोकात असताना ती बॅटरीच्या दोन टोकांना लावू नका. तो सरळ शॉर्ट सर्किट होतो. मीटर जळतो, आणि स्वस्त मीटर हातातच फुटू शकतो.

५. पाणी आणि हायड्रोमीटर

सीलबंद बॅटरी असेल तर हा टप्पा सोडा.

सोलापूरच्या उन्हाळ्यात महिन्यातून एकदा तरी पाणी बघा. फ्लोटची लाल खूण दिसायला लागली म्हणजे उशीर होत आलाय. फक्त डिस्टिल वॉटर घालायचं. आपल्या बोअरचं पाणी किती क्षाराचं असतं ते माठाला आणि हंड्याला बघून कळतंच, ते क्षार प्लेटांवर कायमचे बसतात. आर.ओ.चं पाणीही नको. पाणी बॅटरी भरल्यावर घाला, कारण चार्ज होताना पातळी वर येते. आधीच काठोकाठ भरलं तर ॲसिड बाहेर सांडतं. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर मात्र चार्जिंगआधी त्या बुडतील एवढंच घालून ठेवा. ॲसिड कधीही घालायचं नाही. "बॅटरी कमजोर झालीय, थोडं ॲसिड टाकतो" असं कोणी म्हणालं तर त्याला थांबवा. बॅटरीतलं पाणी उडतं, ॲसिड उडत नाही.

हायड्रोमीटरने सहाही सेल वेगवेगळे तपासा आणि वहीत लिहा. आपल्याकडच्या ट्यूब्युलर बॅटऱ्यांत पूर्ण चार्जला १२४० च्या आसपास वाचन येतं, ११८० च्या आसपास निम्मी समजा. हे आकडे २७ अंशांना धरलेले असतात. बॅटरी ४२ अंशांवर असेल तर वाचनात दहा मिळवायचे, म्हणजे १२३० दिसले तर ते १२४० समजा. सगळे सेल सारखेच खाली असतील तर बॅटरी उपाशी आहे, तिला आधी पूर्ण चार्ज द्या. एकच सेल बाकीच्यांपेक्षा ३० किंवा त्याहून जास्त आकड्यांनी खाली असेल आणि पूर्ण चार्जनंतरही तसाच राहिला, तर बॅटरीच्या आतच दोष आहे. तेव्हाच बॅटरी बदलायचा विचार सुरू करा.

पाणी घातल्यावर लगेच वाचन घेऊ नका. पाणी वरच तरंगत असतं, ते मिसळायला एक पूर्ण चार्जिंग जाऊ द्या. आणि हे सगळं करताना जवळ बिडी, काडी, चूल काही नको. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो. ॲसिड डोळ्यात उडालं तर लगेच साध्या पाण्याने किमान पंधरा मिनिटं धुवत राहा आणि दवाखाना गाठा.

६. लिथियमची बॅटरी असेल तर

तिचे नियम वेगळे आहेत. वीस टक्के भरलेली असो की ऐंशी, तिचे व्होल्ट जवळपास सारखेच दिसतात, त्यामुळं तिसऱ्या टप्प्यातले आकडे तिला लावू नका. टर्मिनलवर शून्य किंवा दोन-चार व्होल्ट आले तर घाबरू नका. आतल्या बीएमएसने (बॅटरीची राखण करणाऱ्या सर्किटने) ती बंद केलेली असते. सगळा लोड काढा, चार्जिंग द्या, बहुतेक वेळा ती जागी होते. पुन्हा पुन्हा बंद पडत असेल तर कंट्रोलरचं सेटिंग बघा. जुन्या लेड-ॲसिडचंच सेटिंग राहिलेलं असतं आणि इक्वलायझिंगच्या (सगळे सेल सारखे करायला मुद्दाम दिलेल्या) चढ्या व्होल्टने बीएमएस बॅटरी बंद करतो. पॅक उघडू नका.

७. भर दुपारी पॅनलची पाळी

बारा ते दोनच्या दरम्यान, स्वच्छ उन्हात. पॅनल कंट्रोलरपासून सोडवून मोकळ्या टोकांवर व्होल्ट घ्या. सोडवण्याचं काम पहाटे, ऊन पडण्याआधीच करून ठेवा. छत्तीस सेलच्या बारा व्होल्टवाल्या पॅनलवर २१-२२ लिहिलेलं असतं, तापल्यावर १९ ते २० मिळतात, ते ठीक आहे. निम्मे मिळाले तर मागच्या डब्यातला बायपास डायोड (सावलीतल्या सेलना वळसा घालून करंट पुढं नेणारा छोटा भाग) शॉर्ट झालेला असण्याची शक्यता मोठी. मोठ्या पॅनलमध्ये असे तीन डायोड असतात, तिथं एक गेला तर एक-तृतीयांश व्होल्ट कमी दिसतात. डायोड थोड्या पैशांत बदलून मिळतो, पॅनल टाकून देऊ नका.

व्होल्ट बरोबर आणि करंट कमी, असं असेल तर धूळ, सावली नाहीतर कनेक्टर. करंट मोजताना बॅटरी थोडी रिकामी असू द्या. भरलेली बॅटरी करंट घेतच नाही, आणि लोक पॅनलला दोष देतात. साखर कारखान्याच्या आसपास वस्ती असेल तर गाळप हंगामात काजळी पॅनलवर चिकटते. ती नुसत्या फडक्याने निघत नाही, सौम्य साबणाचं पाणी लागतं. धुवायचं ते सकाळी काच थंड असताना, आणि क्षाराचं पाणी काचेवर वाळू न देता पुसून घ्यायचं.

इथंच एक मोठा सापळा आहे. बाजारात आता मोठी पॅनल स्वस्त पडतात, म्हणून साध्या पीडब्ल्यूएम कंट्रोलरवर बारा व्होल्टच्या बॅटरीला ३३५ वॉटचं पॅनल जोडून दिलं जातं. ते पॅनल ३७ व्होल्टला ९ अँपिअर देतं. पीडब्ल्यूएम त्याला खेचून बॅटरीच्या चौदा व्होल्टवर आणतो, अँपिअर मात्र नऊच राहतात. मिळतात सव्वाशे वॉट. पैसे ३३५ चे गेले. अशा पॅनलला एमपीपीटी कंट्रोलर (जास्तीच्या व्होल्टचे अँपिअर करून देणारा) हवा, आणि पॅनलचे मोकळे व्होल्ट कंट्रोलरच्या मर्यादेत आहेत ना हे आधी तपासायला हवं. नाहीतर तो पहिल्याच दिवशी जळेल.

८. वायर पुरेशी जाड आहे का

सूत्र सोपं आहे. जाण्या-येण्याची मिळून लांबी मीटरमध्ये, गुणिले अँपिअर, गुणिले ०.०१७५, भागिले वायरचे स्क्वेअर एमएम. उत्तर येईल तेवढे व्होल्ट वायरीत जातात.

शंभर वॉटची दोन पॅनल समांतर, ११ अँपिअर, माळवदापासून कंट्रोलरपर्यंत १२ मीटर, म्हणजे जाऊन-येऊन २४. अडीच स्क्वेअरच्या वायरीत १.८५ व्होल्ट जातात, चारच्यात १.१५, सहाच्यात ०.७७. आता एप्रिलची दुपार धरा. पॅनलचा काळा भाग ६५ अंशांपर्यंत तापतो आणि कागदावरचे १८ व्होल्ट उतरून साधारण १५.४ वर येतात. अडीचच्या वायरीने कंट्रोलरपाशी १३.६ पोचतात. बॅटरी पूर्ण भरायला उन्हाळ्यात १४.१ तरी लागतात. म्हणजे भर उन्हाळ्यात, आकाशात एक ढग नसताना, ही बॅटरी पुष्कळदा अर्धवटच भरते. चारच्या वायरीने जेमतेम भागतं, सहाच्या वायरीने निर्धास्त. उन्हाळ्यातच बॅकअप का कमी होतो, असं पुष्कळ जण विचारतात. त्याचं एक मोठं कारण हे.

वायर घेताना तांबं आहे का ते तपासा. सोलर डीसी केबलच्या तारा बाहेरून पांढऱ्या दिसतात, कारण तांब्यावर टिनचा मुलामा असतो. पात्याने खरडा, आत लाल निघालं तर तांबं. बाहेरून लाल आणि खरडल्यावर पांढरं निघालं तर तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम, ते घेऊ नका. घरातली साधी वायर छतावर उन्हात तडकते. पिळून काळी टेप गुंडाळलेल्या जोडाचा डिंक आपल्याकडच्या मे महिन्यात वितळून खाली ओघळतो आणि जोड उघडा पडतो. वायरी पाइपातूनच न्या. धान्याची पोती आणि कडबा असलेल्या घरात उंदीर असतातच.

डीसीच्या लाईनवर डीसीचाच एमसीबी लागतो. एसीचा स्वस्त मिळतो, जोडला की चालतोही, पण बिघाडाच्या वेळी ठिणगी तोडू शकत नाही. डीसी एमसीबीवर प्लस-मायनसची खूण असेल तर ती पाळा. आणि बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरातच फ्यूज हवा, वायरला सोसेल त्याहून मोठा नको.

९. बॅटरीची जागा

सोलापूरला उन्हाळ्यात पारा ४२-४३ वर जातो आणि पत्र्याच्या शेडमध्ये त्याहूनही वर. लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य दर दहा अंश वाढीला ढोबळमानाने निम्मं होतं. पत्र्याखालची बॅटरी माळवदाच्या खोलीत उत्तरेच्या भिंतीला, लाकडी फळीवर, हवा खेळती राहील अशी ठेवा. एवढ्यानेच तिला एखादं वर्ष जास्त मिळेल. देवघराला लागून ठेवू नका, तिथं समई-निरांजन असतं.

कंट्रोलरला तापमानाचा सेन्सर नसेल आणि सेटिंग बदलता येत असेल, तर एप्रिल-मेमध्ये १४.४ चं १४.१ करा आणि पाऊस पडून गारवा आला की परत वाढवा. नाहीतर उन्हाळ्यात पाणी भराभर उडतं.

१०. अर्थिंग आणि वळीव

काळ्या मातीत अर्थिंग पावसाळ्यात उत्तम लागतं. उन्हाळ्यात तीच माती भेगाळून पाइपापासून सुटते, आणि नेमक्या त्याच वेळी वळवाच्या विजा येतात. मार्चपासून अर्थिंगच्या खड्ड्यात आठवड्याला पाणी ओता. पॅनलची चौकट, स्टँड आणि इन्व्हर्टरची बॉडी अर्थला जोडलेली हवी. गडगडाट जवळ येण्याआधी पॅनलचा डीसी स्विच खाली करा. ढग डोक्यावर आल्यावर छतावर जाऊ नका.

घरात लाईनची वीजही येत असेल तर इन्व्हर्टरचा आउटपुट लाईनच्या वायरींना परस्पर जोडलेला नाही ना, हे जाणकार वायरमनकडून तपासून घ्या. उलटी वीज पोलावर गेली तर तिथं काम करणाऱ्याचा जीव जातो. हे काम स्वतः करू नका.

११. शेवटी दुकानात

सगळं तपासून बॅटरीच दोषी निघाली तर वही घेऊन जा. "बॅकअप देत नाही" एवढंच सांगितलं तर दोन दिवस चार्जिंगला ठेवून परत देतात. "पूर्ण चार्जनंतर चौथा सेल ११७०, बाकीचे १२३५" असं सांगितलं की बोलणं वेगळं होतं. लोड टेस्ट समोर करायला लावा. वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का आणि विक्रीची तारीख नसेल तर दावा अडतो, ते नवी घेतानाच बघा.

दोनपैकी एकच गेली असेल आणि जोडी तीन-चार वर्षं जुनी असेल, तर नवीला जुनीसोबत बांधू नका, जुनी तिला आपल्या पातळीवर ओढते. जुनी बॅटरी दुकानदारालाच द्या, तिचे वजनावर पैसे मिळतात. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती अधिकृत पुनर्वापरासाठीच जायला हवी. भंगारात गेली की शिसं मिसळलेलं ॲसिड ओढ्यात ओतलं जातं, आणि त्या ओढ्यावर आपलीच गुरं पाणी पितात.

नवी बॅटरी आणल्यावर पहिल्यांदा लोड न लावता पूर्ण चार्ज करा. तिच्या अंगावर रंगाने तारीख लिहा. आठवड्याने इन्व्हर्टर आणि पॅनल बंद करून सगळे नट परत एकदा पान्याने तपासा. शिसं मऊ असतं, पहिल्या काही दिवसांत ते दबतं आणि नट थोडे ढिले होतात.